पेटीतली तीन पिल्लं

अक्का गेल्याचं महानंदानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी नांदेडला घरीच होतो. महानंदा म्हणजे अक्कांच्या बहिणीची मुलगी. मी कसंबसं 'येतो' म्हणालो आणि मनात पहिला विचार आला तो असा, की ती गोष्ट आता सांगायची राहूनच गेली... याला महिना होत आला. जिला सांगायची ती ऐकायला नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत कारकून म्हणून माझी बदली झाली आणि शिवकांता अक्कांच्या घरातली पुढची खोली मला राहायला मिळाली. अक्का मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि बोलणं मोजकं. मी एकटाच आहे म्हटल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा स्टोव्ह बंद करायला लावला आणि माझ्या भाकरी आपल्या चुलीवर थापायला सुरुवात केली.

पुढे पाऊस हटला. दुसऱ्या वर्षीही तेच. गल्लीत टँकर एक दिवसाआड यायचा आणि बायकांची भांडणं दुपारपर्यंत चालायची. अशात एक करडी मांजर परसात येऊन बसू लागली, पोट जमिनीला टेकलेलं. अक्का तिला जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, वाटीत पाणी ठेवायच्या. माणसांनाच प्यायला नाही आणि हे काय, असं मी एकदा बोलून गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "पोटुशी हाय ती. माझ्या हंड्यातलं देते, तुझ्यातलं न्हाई." आणि खरंच, माझ्या आंघोळीची अर्धी बादली कधी चुकली नाही. स्वतः मात्र त्या ओल्या फडक्यानं अंग पुसून शाळेत जायच्या.

उस्मानाबादेहून कचेरीचं दप्तर आलं त्यातली एक रिकामी लाकडी पेटी मी कपडे ठेवायला आणली होती. मांजर त्या पेटीतच व्याली. तीन पिल्लं झाली. अक्कांनी पेटी हलवू दिली नाही, माझे कपडे खुंटीवर गेले. मांजरीला दूध पुरावं म्हणून अक्का कोरा चहा पिऊ लागल्या. पिल्लं पेटीबाहेर पडायला लागली आणि एक दिवस मी नकलेसाठी घरी आणलेल्या गावांच्या याद्या त्यांनी ओल्या केल्या. साहेबांनी मला चारचौघांत सुनावलं. त्याच आठवड्यात अक्कांची बहीण आजारी पडली आणि त्या चाकूरला निघाल्या. "दोन दिसांत येते, पिल्लांकडं बघ," म्हणाल्या. मी हो म्हणालो.

त्याच दुपारी मांजर बाहेर गेली असताना मी तिन्ही पिल्लं टोपलीत घातली, वर फडकं बांधलं आणि सायकलवरून धान्याच्या मोंढ्यात नेऊन गोदामामागे ठेवून आलो. तिथं उंदीर आहेत, जगतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती अजून आईच्या दुधावरच होती, हे मला माहीत होतं.

संध्याकाळी मांजर आली. पेटीत तोंड घालून हाका मारत राहिली. सकाळी मला ते ऐकवेना, म्हणून मोंढ्यात गेलो. टोपली उपडी पडली होती. जवळ सावलीला दोन कुत्री झोपलेली. हमालांना विचारलं, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. त्या दुपारनंतर मांजरही दिसेनाशी झाली.

अक्का आल्या, त्यांनी पेटीत पाहिलं. मी सांगितलं, मांजरच एकेक करून पिल्लं घेऊन गेली. त्या तिथंच खाली बसल्या. "मी घरात नव्हते म्हणून गेली असंल," एवढंच म्हणाल्या. पुढे कितीतरी दिवस त्या शाळेतून आल्यावर वाटीत दूध घेऊन गल्लीतली परसं धुंडाळायच्या. एकदा तर मीही त्यांच्याबरोबर गेलो, शेजाऱ्यांच्या लाकडांमागे वाकून पाहिलं...

नंतर माझी नांदेडला बदली झाली. दिवाळीला अक्कांकडे जाणं होई. एकदा धीर करून, "अक्का, ती करडी मांजर..." असं सुरू केलं. त्यांनी हातानंच थांबवलं. "जाऊ दे. माझंच चुकलं." त्यांच्या त्या शब्दाआड मी लपलो, तो कायमचा.

परवा महानंदाला भेटायला लातूरला अक्कांच्या घरी गेलो, तेव्हा ती सहज म्हणाली की ती एक वेळ सोडली तर मावशी आपल्या घरी चाकूरला कधी मुक्कामाला राहिलीच नाही. महानंदाच्या लग्नात अक्षता पडल्या आणि मावशी संध्याकाळच्या एस.टी.नं परत. महानंदाची आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हाही मावशी रोज येऊन जायची. "म्हणायची, एकदा मुक्काम केला तर मांजर पिल्लं घेऊन गेली. आई तिची वाट बघत बघत पहाटं गेली, काका. मावशी पोचली न्हाई."

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे तिला सांगायचं होतं." आणि उठून घर बंद करू लागली.

मी तिच्यामागे परसदारापर्यंत गेलो. दाराच्या खालच्या कोपऱ्यात अक्कांनी सुताराकडून एक चौकोन कापून घेतला होता. इतक्या वर्षांत किती मांजरी त्यातून आल्या-गेल्या असतील, लाकडाच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. महानंदानं कडी घातली, कुलूप लावलं. तो चौकोन तेवढा तिनं उघडा ठेवला.