मुंग्यांची साखर आणि धामण

साप सांभाळतो म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न, "चावला का हो कधी?" आमच्याकडे मात्र सापांपेक्षा मुंग्या-झुरळांचेच किस्से जास्त साठलेत! वनखात्याच्या परवानगीने नगरजवळ आम्ही जखमी सरपटणारे प्राणी ठेवतो. एक खोली, काही पेट्या आणि आम्ही चौघं: डॉक्टर, रिटायर्ड मास्तर जोसेफ सर, झाडलोट बघणाऱ्या मंगलमावशी आणि मी.

*

जोसेफ सर भारी शिस्तीचे. खोलीत झुरळं दिसली, तर त्यांनी कुणाला न विचारता स्प्रे मारला. झुरळं मेली. शेजारच्या पेटीतलं घोरपडीचं पिल्लूही मेलं.

"सर, तेही त्याच हवेत श्वास घेत होतं," डॉक्टर एवढंच म्हणाले.

सरांनी पुढे घरातसुद्धा स्प्रे येऊ दिला नाही. त्यांच्या मिसेस भेटल्या की म्हणतात, "आमच्या किचनमध्ये झुरळांचंच राज्य आहे!" मला काही हसू येत नाही.

*

आमचा अजगर दिवसभर पाण्याच्या टबात बसायला लागला. मी येईल त्याला कौतुकाने दाखवायचो, "बघा, पठ्ठ्या कसा डुंबतोय!"

डॉक्टरांनी त्याच्या डोळ्याजवळ बोट फिरवलं. बोटावर काळे ठिपके चालत होते.

"डुंबत नाहीये तो. किडे रक्त पितायत त्याचं. जीव वाचवायला बसलाय पाण्यात!"

*

घोडेगावकडच्या एका शेतकऱ्याने धामण आणली. ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरखाली सापडलेली.

"माझ्याच हातनं झालं, डॉक्टर. लई उंदीर खायची वो. वाचंल ना?"

डॉक्टरांनी टाके घातले. "जखमेला मुंग्या लागल्या, तर संपलं," म्हणाले. आम्ही पेटीचे पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवले. तरी सकाळी मुंग्यांची रांग खिडकीतून पेटीतल्या बल्बच्या वायरवर आणि वायरवरून थेट जखमेवर!

रांग सुरू होत होती खोलीच्या पायरीपासून. तिथे मंगलमावशी रोज मुंग्यांना चिमूटभर साखर घालायच्या.

डॉक्टर कडाडले, "मावशी, साखर बंद!"

"माझी पोरगी घालायची रोज. ती गेली, तवापासनं मी घालते," मावशी म्हणाल्या.

तरी त्यांनी साखर बंद केली. ओल्या कापसाने एकेक मुंगी टिपत त्या दिवसभर धामणीपाशी बसून राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

*

जखम भरली. आम्ही चौघं धामणीला घेऊन त्या शेतकऱ्याच्या बांधावर गेलो. पिशवीचं तोंड सोडलं. धामणीने मान वर केली, जरा थांबली, आणि सरळ बांधावरच्या वारुळात शिरली. वारुळावर मुंग्याच मुंग्या!

"गेली वो घरला," शेतकरी म्हणाला आणि त्याने डोळे पुसले.

मावशींनी पदराची गाठ सोडली. गाठीत साखर होती. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"घाला, मावशी," डॉक्टर म्हणाले. मावशींनी चिमूटभर घातली.

"अजून थोडी घाला," डॉक्टरच म्हणाले.