उपासाच्या दिवशीची गोळी

उपासाला काय चालतं आणि काय चालत नाही, याचा शेवटचा निकाल आमच्या गल्लीत सुलामावशी देत. नांदेडहून विष्णुपुरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची गल्ली. सकाळी सातपासून त्यांच्या खानावळीच्या दारात बायका उभ्या असायच्या. "मावशी, कोथिंबीर टाकली तर चालतं का?" मावशी कढईतून नजर न काढता सांगायच्या, "सोमवारला चालती, एकादशीला न्हाई." "का हो?" "तुला उपास करायचा हाय का वकिली?" निकाल लागला. त्यावर अपील नसायचं.

मी इस्लापूरजवळच्या खेड्यातून कॉलेजसाठी नांदेडला आले. आमच्या घरात कॉलेजचं दार ओलांडलेली मी पहिलीच, आणि हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही, बरंच वाटतं. मावशींच्या माडीवर भाड्याची खोली, खाली त्यांची खानावळ. तिथंच मी बी.एस्सी. झाले आणि नोकरी लागेपर्यंत तिथंच राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव-गाव नंतर विचारलं. आधी विचारलं, "उपास कोणते?" मी म्हटलं, "एकही नाही." त्या माझ्याकडं अशा बघत राहिल्या, जणू मी दाखला न घेताच शाळेत नाव घालायला आले होते.

त्यांचे स्वतःचे उपास म्हणजे सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादशा, चतुर्थी. वर श्रावण आणि नवरात्र वेगळं. नवरा गेल्यावर वीस वर्षं त्यांनी एकटीनं खानावळ चालवली. उपासाच्या दिवशी स्वतः दोन खजूर खाऊन पन्नास माणसांचे साबुदाणावडे तळायच्या. वर म्हणायच्या, "माझं काय, मी दगडाची हाय."

पण दगडालाही बीपी निघालं. डोकं सारखं ठणकायचं म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सावकाश बोलणाऱ्या. पट्टा बांधून दोनदा मोजलं, तपासण्या केल्या आणि सांगितलं, "सकाळी एक गोळी. रोज. बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही." मावशींनी मान हलवली आणि मला पुढं केलं. "हिला सांगा बाई. पोरगी शिकलेली हाय माझी." मी त्यांची पोरगी नव्हते. पण त्या वाक्यानं मी एवढी फुगले की त्या दिवसापासून त्यांची फाइल, चिठ्ठी, गोळ्या आणणं, सगळं माझ्याकडं आलं.

पुढं तीन खेपा झाल्या. बीपी उतरायला तयार नाही. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी रोज घेता ना?" मावशींनी तोंड उघडायच्या आत मीच बोलले, "हो मॅडम, रोज. मी स्वतः आणून देते." बाईंनी जरा विचार केला आणि आणखी जोराची गोळी लिहून दिली.

घरी येऊन नवीन पाकीट ठेवायला मी राजगिऱ्याशेजारचा त्यांचा औषधाचा डबा उघडला. बघते तर आत जुनी तीन पाकिटं अर्धवट.

"मावशी, ह्या कशा उरल्या?"

"उपासाच्या हायेत त्या."

"उपासाच्या म्हणजे?"

"म्हंजी काय! उपासाला गोळी चालती होय? मेडिकलवाल्याला इचारलं मी, गोळी कशाची बनती म्हून. तो म्हनला, औषिद जरासं, बाकी बांधायला मक्याचं पीठ." त्यांनी हात झटकले. "मका म्हंजी धान्य. संपला इषय."

मी मनात हिशेब केला. महिन्यातले दहा-अकरा दिवस गोळीच नाही, आणि श्रावणात तर त्याहून जास्त. म्हणजे औषध कमी पडतच नव्हतं, ते पोटात जातच नव्हतं. आणि माझ्या 'हो' वर विश्वास ठेवून बाईंनी डोस वाढवला होता. आता ही जोराची गोळी मावशी दोन दिवस घेणार, एक दिवस सोडणार. घेतली की बीपी धाडकन खाली, सोडली की वर. तेही उकळत्या तेलाच्या कढईसमोर उभं राहून. चार दिवसांवर नवरात्र होतं, म्हणजे गोळीला नऊ दिवसांची सुट्टीच.

मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. त्यांना खरं सांगू."

"आन मला खोटी पाडतीस?"

"खोटी तर मी पडले ना!"

"चार बुकं काय शिकलीस, तीस वर्षांचा उपास मोडाया लावून राहिलीस?"

मीही भडकले. "मग करा उपास! आणि एक दिवस पडा त्या कढईत!"

नवीन पाकीट तेवढं मी माझ्याकडंच ठेवलं. "बाईंना विचारल्याशिवाय ही देणार नाही." त्या दिवशी मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट मात्र वाढलं, आणि भाकरी रोजच्यापेक्षा एक जास्त होती. रागातही त्या अशाच.

दुसऱ्या सकाळी शेजारची अनिता आली. सातवा महिना लागलेला. उंबऱ्यावर टेकून म्हणाली, "मावशी, आज माझा गुरुवार हाय. ही रक्तवाढीची गोळी चालती का वो?"

मावशी गरजल्या, "खा की गं भवाने! इचारायला काय आलीस? पोटात लेकरू, आन उपासाला घाबरून राहिली! औषिदाला कुठला आलाय उपास? ते काय तू चवीनं खाऊन राहिलीस?"

अनिता गेली. मी जिन्यात उभी राहून डोक्याला तेल लावत होते. मावशींनी वर पाहिलं. मला हसू आवरेना.

"काय दात काढून राहिली?"

"काही नाही. निकाल ऐकला."

झारा तसाच हातात. मग हळूच म्हणाल्या, "तिच्या गोळीत बी मका आसंलच की." गॅस बंद केला, लुगड्याला हात पुसले. "चल. फाइल घे."

दवाखान्यात मला त्यांनी बोलूच दिलं नाही. "बाई, ह्या पोरीला काय बी ठाव नव्हतं. मीच उपासाला गोळी सोडत व्हते. तुमची गोळी चांगली हाय, मीच वाईट." बाई रागावल्या नाहीत, उलट खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. नवी गोळी राहू द्या. जुनीच रोज घ्या, एका ठरल्या वेळी. नवरात्र करा, पण पाणी भरपूर प्या, निर्जळी नको. चक्कर आली तर मनानं गोळी बंद करू नका, मला येऊन सांगा."

"आन मीठ? मी उपासाला शेंदेलोणच खाते."

"तेही मीठच आहे मावशी. कमी करा."

"घ्या! आता ते बी गेलं!"

नऊ दिवस सकाळी मला माडीवर ऐकू यायचं. आंघोळ, घंटी, मग फुलपात्राचा आवाज, मग मावशींचा मोठ्यानं पुकारा, "खाल्ली गं!" सगळ्या गल्लीला कळायचं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात परत पट्टा बांधला. बाईंनी एकदा मोजलं, परत मोजलं आणि मान डोलावली. बऱ्याच दिवसांनी आकडा खाली आला होता. लिहिता लिहिता त्यांनी सवयीनं माझ्याकडं बघून विचारलं, "उपासात चक्कर, अशक्तपणा काही होता का यांना?"

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि मावशींकडं पाहिलं.

मावशींनी पदर सारखा केला, खुर्चीत नीट बसल्या आणि घटस्थापनेच्या पहाटेपासून सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या माळेपर्यंत आल्या तेव्हा बाहेरचे दोन पेशंट दारातून डोकावून गेले. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि ऐकत बसल्या.