खैराचे दोन ठोकळे

खैराच्या एकाच ओंडक्यातून दोन सारखे ठोकळे काढले, त्यांचे दोन रंधे केले आणि वर्षभरात त्यांतला एक फुटला, तर दोष लाकडाचा मानायचा की करणाऱ्याचा? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतलं. एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवतो. उत्तर काय निघावं, हे माझ्या मनात आधीच ठरलेलं होतं. असा माणूस प्रयोगाला नालायक असतो, हे मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवत आलो.

विज्ञान आणि गणित हे माझे विषय. निवृत्तीनंतर हाताला काही काम हवं, म्हणून रत्नागिरीहून पावस गावाच्या रस्त्याला लागताना एका मिस्त्रींची शेड आहे, तिथे मी सुतारकाम शिकायला जाऊ लागलो. पंधरा दिवसांनी आमच्या शाळेतले चित्रकलेचे सरही तिथे येऊ लागले. माझंच ऐकून आले होते, त्यामुळे तक्रार करण्याची सोय नव्हती.

चित्रकलेच्या सरांबद्दल मला काय वाटत असे, ते नेमकं सांगायला हवं. आम्ही एकाच महिन्यात निवृत्त झालो. मी शिकवलेल्या बीजगणितावर कितीतरी मुलं इंजिनिअर झाली. तरी मे महिन्यात मुंबईहून गावी आली की ती जातात चित्रकलेच्या सरांकडे. त्यांच्या ओट्यावर बसून कोकम सरबत पितात आणि माझी प्रकृती कशी आहे, हे त्यांनाच विचारतात. मासळी बाजारात त्यांची स्कूटर कुणी ना कुणी अडवतंच. मला रस्त्यात नमस्कार मिळतात, पण चालता चालता. हे नमस्कार मी मोजत असे. मोजणं ही माझी सवय आहे, पण या मोजण्यात सवयीपेक्षा वेगळं काही होतं, हे मला ठाऊक होतं.

शेडमध्येही तेच झालं. मिस्त्री मला ‘सर’ म्हणत, अहो-जाहो करत, बसायला स्टूल पुसून देत. चित्रकलेच्या सरांना ते आठवड्याभरात ‘मास्तर’ म्हणू लागले आणि करवत उलटी धरली की सगळ्यांदेखत हसू लागले. मला कोणी हसलं नाही. मी करवत उलटी धरतच नसे. पण ‘मास्तर’ हा शब्द ऐकला की माझी पटाशी हटकून रेघेबाहेर जाई.

मिस्त्रींचा उजवा खांदा दुखू लागला होता. मुलगा मुंबईला प्लायवूडची कपाटं करतो, त्याला हातरंध्याचं काम नाही. त्यामुळे शेड बंद करायचं ठरत आलं होतं. त्यांच्याकडे वडिलांच्या हातचं रंध्याचं एक पातं होतं. ते चांगलं जाड होतं, आणि धार अशी की मनगटावरचा केस न ओढता उतरावा. एके दिवशी आम्हा दोघांसमोर ते पातं तेलाच्या फडक्यातून सोडवत मिस्त्री म्हणाले, “हे भिंतीवर टांगायला मी कुणाला देणार नाय. खैराचा रंधा करा दोघं. ज्याचा एक पावसाळा नि एक उन्हाळा सरळ राहील, त्यानं न्यावं.”

मला ते पातं हवं होतं. त्याहून जास्त हवं होतं ते मिस्त्रींनी माझ्या हातात ठेवणं, आणि ठेवताना चित्रकलेच्या सरांनी तिथे असणं.

ज्यांनी खैर हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खैराचा वाळलेला तुकडा पाण्यात टाकला तर तो तरंगत नाही, दगडासारखा तळाला जातो. सागावर जी पटाशी दिवसभर चालते, ती खैरावर पंधरा मिनिटांत बोथट होते. भुसा तांबडा पडतो आणि घामाच्या हाताला त्याचा रंग चढतो. रंध्याला असंच लाकूड लागतं, कारण रंध्याचा तळ झिजला की त्याने केलेलं सगळं काम वाकडं होतं. मिस्त्रींकडे पावसच्या एका बागेतल्या जुन्या रहाटाचा आस पडून होता. मांडीएवढा जाड. मधला गाभा सोडून त्याच्या दोन बाजूंनी त्यांनी दोन ठोकळे कापले. पेन्सिलने माझ्या ठोकळ्याच्या टोकावर एक रेघ मारली, सरांच्या ठोकळ्यावर दोन, आणि सावकाश वाळावेत म्हणून भाताच्या तुसाने भरलेल्या पोत्यात दोन्ही पुरून ठेवले.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर फक्त दोघांना सांगितलं आहे.

आषाढात एका दुपारी मिस्त्री घरी जेवायला गेले होते आणि सर शाळेत रांगोळी स्पर्धेचे परीक्षक म्हणून गेले होते. त्यांना अजूनही बोलावतात. मी पोत्यातून दोन्ही ठोकळे काढले. दिसायला सारखेच होते. घरून आणलेल्या काट्यावर तोलले तर दोन रेघांचा ठोकळा चाळीस ग्रॅमने जड भरला. बोटाने ठोकून पाहिलं. त्याचा आवाजही मला जास्त खणखणीत वाटला. म्हणजे मिस्त्रींनी चांगलं लाकूड त्यांना दिलं होतं. मिस्त्रींनी न तोलता, हाताला आला तसा ठोकळा देऊन रेघ मारलेली मी स्वतः पाहिली होती. तरी मला दुसरं कारण सुचलं नाही. मी खोडरबराने एका ठोकळ्यावरची एक रेघ पुसली आणि दुसऱ्यावर एक वाढवली. तूस पुन्हा सारखं केलं. मग काटा पिशवीत घातला.

श्रावणात आम्ही कामाला लागलो. पातं जिथे बसतं त्या खाचेला रंध्याचं तोंड म्हणतात. ते कोरणं हाच सगळ्यांत अवघड भाग. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी काटकोनाचा गुण्या लावून, कागद घालून तपासत तोंड कोरत होतो. बाजारातलं साधं पातं बसवलं तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना कागदसुद्धा शिरत नव्हता. मिस्त्रींनी खाचेवरून बोट फिरवलं.

“फार नेमका झालाय वो, सर.”

मी ते वाक्य त्याच संध्याकाळी वहीत उतरवून ठेवलं.

चित्रकलेच्या सरांचं पातं मात्र खाचेत इकडून तिकडे हलत होतं. पाचर ठोकली की घट्ट बसे, पण दोन्ही कडांना तांदळाच्या दाण्याएवढी फट उरे. मी म्हणालो, “सर, यातून मुंगी जाईल.”

“जाऊ दे की. तिलाही पलीकडे काम असेल.”

मिस्त्री खोकला येईपर्यंत हसले. त्या हसण्याचा मला इतका राग आला की फट का ठेवली, हे विचारायचंच राहून गेलं. खरं तर राहून गेलं नाही. सरांनी मिस्त्रींना आधी विचारून घेतलं होतं की किती जागा सोडू, हे मी धार लावत असताना ऐकलं होतं. उत्तर ऐकू आलं नाही, कारण शेडच्या पत्र्यावर पाऊस होता. उठून विचारायला चार पावलं लागली असती. पण विचारणं म्हणजे मला माहीत नाही असं कबूल करणं, आणि तेही त्यांच्यासमोर. शाळेत मी मुलांना सांगत असे की शंका विचारणाऱ्याचे मी गुण कापत नाही.

पातं आणि पाचर बसवलेले दोन्ही रंधे शेडमधल्या फळीवर शेजारी ठेवले. दिवाळी गेली, पहाटेचा कोरडा वारा सुरू झाला. दर सोमवारी मी पट्टी लावून दोन्ही तळ तपासत असे. माझा तळ सरळ होता. त्यांचाही सरळ होता, आणि त्याबद्दल मला आनंद होत नसे. शिमग्याच्या आधीच्या एका सोमवारी माझ्या रंध्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून केसाएवढी रेघ निघालेली दिसली. मी ती ओल्या फडक्याने पुसून पाहिली. पुढच्या सोमवारपर्यंत ती बाजूच्या भिंतीतून आरपार गेली होती. सरांचा रंधा जसा होता तसाच होता.

मिस्त्रींनी माझा रंधा हातात घेऊन पाहिला.

“पावसात लाकूड फुगलेलं असतं. कोरड्या हवेत ते आक्रसतं, लोखंड काय आक्रसत नाय. तुम्ही त्याला सरकायला जागाच ठेवली नाय, सर. मग ते जाणार कुठं? फुटलं.”

“तुम्ही तेव्हा बोलला नाहीत,” मी म्हणालो.

“बोललो की. फार नेमका झालाय म्हटलं.”

उन्हाळा सरायचा होता, पण रंधा आता एकच उरला होता, म्हणून पातं त्याच दिवशी तेलाच्या फडक्यासकट चित्रकलेच्या सरांच्या हातात गेलं. मी तिथे होतो. सर माझ्याकडे वळून म्हणाले, “कधीही घरी या, दोघं वापरू.” हे त्यांनी मनापासून म्हटलं, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

घरी येऊन वहीत निष्कर्ष लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मी नकळत एक चांगला प्रयोग केला होता. लाकडाची अदलाबदल झाली होती, हात तेच राहिले होते. ज्याला मी हलकं ठरवून त्यांच्या माथी मारलं, ते त्यांच्या हातात टिकलं. निवडून चोरलेलं माझ्या हातात फुटलं. दोष लाकडाचा, असं म्हणायची वाट मी स्वतःच त्या दुपारी बंद केली होती.

आठवड्याने मिस्त्रींना सांगितलं. त्या दिवशी त्यांनी स्टूल पुसून दिलं नाही. मग सरांकडे गेलो. ते ओट्यावर त्या पात्याने फळी साफ करत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी रंधा उचलून हातात तोलून पाहिला.

“म्हणजे हे लाकूड तुमचं.”

“हो.”

“मग पातं माझं आणि रंधा तुमचा. पंचाईतच झाली, सर.” ते हसले, पण माझ्याकडे न पाहता त्यांनी रंधा पुन्हा फळीवर ठेवला. मग म्हणाले, “रागावलोय. जरा वेळ लागेल. तोवर ही फळी धरा.”

मी फळी धरली. पात्याखालून पातळ, अखंड साल निघत होती आणि गोल होऊन ओट्यावर पडत होती. असं माझ्या हातून निघालं असतं, हा विचार तेव्हाही मनात आला. तो आजही येतो. माजी विद्यार्थी या मे महिन्यातही आधी त्यांच्याकडेच गेले.

माझ्या उत्तरात दोन उणिवा आहेत. ठोकळे दोनच होते, आणि निरीक्षण करणारा माणूस मत्सरी होता. म्हणून वाचकांना विनंती आहे की त्यांनी हे स्वतः पडताळून पाहावं. कोणत्याही जड लाकडाचे दोन ठोकळे घ्या. पावसाळ्यात एकाचं तोंड पात्याला घट्ट कोरा, दुसऱ्यात दोन्ही बाजूंना दाण्याएवढी जागा सोडा, आणि उन्हाळा संपेपर्यंत थांबा. कोणता फुटला ते पाहा, आणि माझं चुकत असेल तर मला सांगा.