थांब, त्याचं अजून व्हायचंय

इथे मी फक्त वाचायला येते. तुमचे बरेचसे अनुभव वाचून मनातल्या मनात 'बरं बरं' म्हणून पुढे जाते... हे आधीच कबूल करते, म्हणजे माझ्याबाबतीत तुम्ही तसं केलंत तरी तक्रार नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रिपोर्ट हातात आल्याशिवाय काही मानायचं नाही, ही वीस वर्षांची सवय. आम्ही ख्रिस्ती, दर रविवारी चर्चला जातो. पण 'देव माझ्याशी बोलला' असं सांगणाऱ्यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. बहुतेकांना देव नेमकं त्यांच्या सोयीचंच सांगतो, असं माझं निरीक्षण होतं.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. बिबवेवाडीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट — मी, माझा नवरा विनय आणि माझे वडील. डिसेंबरात पपांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. समजत मात्र सगळं होतं. हॉस्पिटलमधून घरी आणलं आणि त्यांनी जेवणच सोडलं. चमचा तोंडाशी नेला की मान भिंतीकडे. गिळायला काही अडचण नाही, असं डॉक्टर म्हणत होते. मऊ भात, खीर, मुगाचं कढण, सगळं करून झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, शुक्रवारपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. पपा ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मला वाटलं, आता हे काही राहत नाहीत.

मी चर्चच्या बायकांना सांगून प्रार्थनेची साखळी सुरू केली. म्हणजे प्रत्येकीने दिवसातला अर्धा तास वाटून घ्यायचा आणि आपापल्या घरी प्रार्थना करायची. माझी वेळ दुपारी अडीच ते तीन. मोबाइलवर अलार्म आणि यादी — भूक, बीपी, शुगर, उजवा हात, डॉक्टरांना सुबुद्धी. अर्धा तास मी एक क्षण न थांबता बोलायचे.

बुधवारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, मालनकाकू, पपांना भेटायला आल्या. माझी प्रार्थना शेजारी बसून ऐकली आणि म्हणाल्या, "सॅम्पल दिलं की निघालीस. रिपोर्ट घ्यायला थांबतेस कुठे?"

मला राग आला. थांबून काय करू, असं मी जरा तोडूनच विचारलं. त्या म्हणाल्या, आधी खांदे खाली घे, कानाला लागलेत ते. श्वास सोड. देव कुठे पळून चाललेला नाही.

गुरुवारी अडीचला अलार्म वाजला तेव्हा मी पपांच्या खाटेजवळ फरशीवर बसले होते, पुढ्यात मटारांचा ढीग. विनयने मार्केट यार्डातून पाच किलो आणले होते. घरात जेवणारी माणसं दोन, पण ताजी भाजी दिसली की आमच्या साहेबांना राहवत नाही. अलार्म बंद केला. यादी उघडावीशी वाटेना. इतकी दमले होते की शब्दच संपले. नुसती सोलत बसले. शेंग दाबायची, अंगठा फिरवायचा, दाणे पातेल्यात. खांदे कधी खाली आले ते कळलं नाही. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच पपांचा श्वास मला ऐकू आला, मग माझाही. झोप नव्हती ती — हात चालू होते, खालच्या रिक्षा ऐकू येत होत्या.

आणि तेव्हा कोणीतरी म्हणालं, "थांब. त्याचं अजून व्हायचंय."

साधा आवाज, अजिबात घाई नसलेला. मी मागे पाहिलं. दार बंद, टीव्ही बंद, विनय ऑफिसात. पपा डोळे मिटून पडलेले. भीती वाटली नाही. लहानपणी तापात आईचा हात कपाळावर यायचा, तसं वाटलं. अर्थ मात्र काडीचा कळला नाही. दमल्यावर मेंदू काहीही ऐकवतो, असं स्वतःला सांगून मी उठले.

संध्याकाळी सातला मटारांचं सूप घेऊन बसले. रोजच्यासारखं "प्रभू, या अन्नाबद्दल आभार, पपांना बरं कर, आमेन" उरकलं आणि चमचा उचलला. पपांनी मान फिरवली. तेवढ्यात दुपारचं वाक्य आठवलं... आणि चमचा हातातच राहिला.

आमच्या घरी जेवणाआधीची प्रार्थना पपाच करायचे. कायम. शेतात राबणारे, रांधणारे, आज उपाशी असलेले, सगळे त्यात यायचे आणि भाजी गार व्हायची. लहानपणी मी एक डोळा उघडून पोळीकडे बघत बसायचे. त्यांचं आमेन झाल्याशिवाय घासाला हात लावायची कोणाची टाप नव्हती. आणि हॉस्पिटलमधून आल्यापासून, त्यांना बोलता येत नाही म्हणून, त्यांच्या ताटावरची प्रार्थना मी दहा सेकंदांत उरकत होते. प्रार्थना करायला बोलता यावं लागतं, हे मी कुठून ठरवलं होतं? मला माझीच लाज वाटली.

चमचा खाली ठेवला. त्यांचा उजवा हात उचलून डाव्या हातात दिला. म्हटलं, "पपा, तुम्ही करा. मी थांबते."

त्यांनी डोळे मिटले. मीही. बराच वेळ काहीच नाही. सूप पार गार झालं असणार. या वेळी मी एकही डोळा उघडला नाही. शेवटी त्यांच्या घशातून ओबडधोबड आवाज आला — "...मेन." पाहिलं तर पपांनी तोंड उघडलं होतं. अख्खी वाटी संपली. मी रडत रडत भरवत होते आणि विनय दारात उभा राहून नाक पुसत होता. नळी लागली नाही.

मनानेच दुवे जोडले असतील, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होते. फक्त एक खटकत होतं — त्या आवाजासारखं पपांना 'तो' म्हणणारं माणूस आता या जगात उरलेलं नाही. तरी विषय सोडून दिला. आवाजाबद्दल कोणालाच सांगितलं नाही, विनयलाही नाही.

एप्रिलपर्यंत स्पीच थेरपीने पपांना तुटक शब्द यायला लागले. एका दुपारी मी त्यांच्याजवळ गवार निवडत होते. ते बराच वेळ बघत होते. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मटार... त्या दिवशी... कोण बोललं?"

माझे हात थांबले. "तुम्हाला ऐकू आलं?"

त्यांनी होकाराची मान हलवली. "मी... निघालो होतो," म्हणाले. "तो म्हणाला... थांब."

एकाच खोलीत दोन माणसांनी जे ऐकलं त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मालनकाकूंना विचारलेलं नाही, त्या नुसत्या हसतील. अलार्म मात्र काढून टाकलाय. आणि जेवणाआधी पपा हात जोडतात तेव्हा आम्ही दोघं गप्प बसतो. सध्या आमच्याकडे रोज गार जेवण असतं.