सायकलशेडमधला वर्ग

सहाब्दीन नानांना तुम्ही कितपत ओळखत होता, असं कुणी विचारलं तर मला खाली बघावं लागेल. एका शाळेत आम्ही वीसेक वर्षं काढली. त्यांना चहा बिनदुधाचा लागे, तोंडात गुळाचा खडा धरून. पावसाळ्यात त्यांचा डावा गुडघा धरायचा. एवढं मला माहीत होतं. पण ते मुलांना शिकवत काय, हे मला माहीत नव्हतं. त्यांचा वर्ग माझ्या सुतारकामाच्या खोलीसमोरच भरायचा, रंधा थांबवला की त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा, तरीही नाही. मागच्या महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला, वडील गेले म्हणून. तेव्हापासून काहीतरी लिहावं असं वाटत होतं. मला लिहायची सवय नाही. जमेल तसं लिहितो.

आमच्या देशात धर्म हा गणितासारखाच शाळेतला विषय आहे. पुस्तक सरकारचं, परीक्षा सरकारची, आणि ज्याने त्याने आपापल्याच धर्माचं पुस्तक वाचायचं. हेलवत्तची आमची शाळा सिंहली माध्यमाची. धर्माच्या तासाची घंटा झाली की बौद्ध मुलं जागेवर बसून राहत, कारण तीच जास्त. मुसलमान मुलं आपापली खुर्ची उचलून बाहेर पडत. व्हरांड्यातून, तुळशीच्या वाफ्यावरून, सायकलशेडपर्यंत. खुर्ची जड, लहान मुली ती ओढत न्यायच्या, आणि तो खरखराट ऐकून वर्गातली मुलं हसायची. तास संपला की परत तेच. इतक्या वर्षांत शेडमध्ये चार बाकं ठेवावीत असं कुणाच्या मनात आलं नाही.

नाना शेडमध्ये उभे राहून शिकवत. बुटके, सफेद टोपी, हातात छत्री, ऊन आणि पाऊस दोन्हीला. शिक्षक म्हणून प्रेमळ वगैरे नव्हते. कान धरायचे. पाठ चुकला की "तुझ्या आजोबालाही हेच येत नव्हतं" म्हणायचे, आणि ते खरंही असायचं, कारण आजोबांनाही मशिदीत नानांच्याच वडिलांनी शिकवलेलं. फळा टांगायला भिंत नव्हती म्हणून मी त्यांना सागाचा एक घडीचा स्टँड करून दिला होता. तेव्हापासून ते मला "बास" म्हणत. आमच्याकडे सुताराला बास म्हणतात. माझ्यासारख्या सुतारकामाच्या मास्तराला तसं म्हणणं म्हणजे टोमणाच, पण त्यांच्या तोंडून बरा वाटायचा.

"बास, हा स्टँड माझ्या वर्गापेक्षा सरळ उभा राहतो."

"वर्गालाही बिजागरी लावून देऊ का, नाना?"

"लावा. घडी करून घरी नेता येईल."

मग तो एप्रिल आला. ईस्टरच्या रविवारी चर्चमध्ये बॉम्ब फुटले. फोडणारी पोरं मुसलमान निघाली. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा फाटकावर दप्तरं तपासायला पालक उभे होते. मुलांची तपासत तशी नानांची पिशवीही तपासत. तपासणारा सुनील हा आमचाच विद्यार्थी. अरबी अक्षरांचं पुस्तक त्याने उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे काय आहे, मौलवी सर?"

"सरकारी पुस्तक आहे, बाळा. वर छापलेला सरकारी सिंह बघ."

पालकसभेत मागणी झाली की शेडमधला वर्ग नजरेआड आहे, तो समोर आणावा. प्रिन्सिपल विजेकोन यांनी तो ऑफिसच्या व्हरांड्यात आणला. फी भरायला आलेला माणूसही उभा राहून ऐकायचा. मुलांचा आवाज दबला. मुसलमान पालक एकेक करून दाखले काढू लागले, जवळच्या गावातल्या मुस्लिम शाळेत घालायला. आता नियम असा की एखाद्या धर्माची मुलं ठरलेल्या संख्येपेक्षा कमी झाली की त्या विषयाचा शिक्षक शाळेला मिळत नाही. उरलेल्या मुलांनी दुसऱ्याच्या वर्गात बसायचं किंवा लायब्ररीत.

नाना संध्याकाळी घरोघर जाऊ लागले. गुडघा धरलेला असतानाही. एकदा मला बाजारात भेटले.

"कुणी ऐकतंय का, नाना?"

"चहा सगळे देतात." मग म्हणाले, "आपल्याच पोरांत वाढलेली पोरं आपल्याला वाईट दिसायला वेळ लागतो, बास. वेगळी वाढली की लगेच दिसतात. एवढंच मी सांगतो त्यांना. त्यांना ते पटतं, आणि दुसऱ्या दिवशी दाखला काढायला येतात."

शेवटी संख्या जेमतेम भरत होती, ती त्यांच्या नातीला धरून. नुस्रा दहावीत होती. तिच्या आईला तिला इथून काढायचं होतं. वर्गात कुणीतरी तिच्या खुर्चीवर खडूने काहीबाही लिहिलं होतं. नानांनी मुलीच्या विनवण्या केल्या. परीक्षेपर्यंत राहू दे, म्हणाले, ती गेली की वर्ग गेला. मुलगी त्यांच्याशी बोलेनाशी झाली, पण नुस्रा राहिली.

आता यापुढचा जो भाग आहे तो फक्त आमच्याच गावात घडू शकतो.

जूनमध्ये पोसोनच्या पौर्णिमेआधी शाळेत सीलाचा, म्हणजे शीलव्रताचा, दिवस असतो. बौद्ध मुलं पांढऱ्या कपड्यांत येतात, विहारातले हामुदुरुवो, म्हणजे भिक्खू, प्रवचन देतात, दुपारनंतर अन्न नाही. त्या दिवशी मुसलमान मुलं शाळेत येत नाहीत. असं कुणी सांगितलेलं नाही. पांढऱ्या रांगांत मध्येच ती नसावीत, इतरांचं ध्यान मोडू नये, म्हणून त्यांच्याच आईबापांनी कधीतरी सुरू केलेली ही सभ्यता. आम्हीही ती सभ्यपणे घेतली. फक्त नाना यायचे. दुपारच्या पेयासाठी धणे-सुंठीचा काढा उकळणं हे काम त्यांचं. इतर कुणाच्या हातचा तो मुलांना आवडत नसे.

त्याच दिवशी शिक्षण कार्यालयातले साहेब आले, धर्मवर्गांची मुलं मोजायला. तारीख कुणी दिली ते मला माहीत नाही. विजेकोन म्हणतात कार्यालयाने दिली. कार्यालय म्हणे शाळेला विचारूनच देतं. मी कुणालाच खोटं म्हणू शकत नाही, आणि खरंही.

स्वयंपाकघरापुढे मोठ्या पातेल्यात काढा उकळत होता. नाना पळी घेऊन उभे, टोपीवर वाफ. आजोबांच्या मदतीला म्हणून आलेली नुस्रा बाजूला बसून सुंठ कुटत होती. मी चुलीची लाकडं आणून टाकत होतो. प्रिन्सिपल त्या कार्यालयातल्या साहेबांना घेऊन आले.

"हे आपले इस्लामचे शिक्षक."

साहेबांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "मुलं कुठेत?"

"आज सील आहे, सर. आमची मुलं आज घरी असतात."

"सुट्टी कुणी दिली?"

"दिली नाही कुणी. पूर्वीपासूनचं आहे."

"लेखी?"

नानांनी प्रिन्सिपलकडे पाहिलं. प्रिन्सिपल काढ्याकडे बघत होते.

"हे असं लिहून कोण ठेवतं, सर?" नाना म्हणाले. "उद्या या. सगळी असतील."

"उद्या मी दुसऱ्या शाळेत असेन. मी आज जे दिसतं तेच लिहितो." साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी नुस्राला नाव विचारलं, तिच्या नावापुढे खूण केली. नानांनी त्यांना पेलाभर काढा दिला. त्यांनी तो उभ्यानेच प्यायला. "छान झालाय," म्हणाले.

महिन्याभरात वर्ग बंद झाला. नानांची बदली पुत्तलमच्या पलीकडे, समुद्राकाठच्या एका शाळेत. निवृत्तीला थोडेच दिवस होते. वर्ग राहू द्या म्हणून हामुदुरुवोंनी कार्यालयात फोन केला होता, असं नंतर कळलं. मोजणी कागदावर चढली होती, मग कोण कशाला उतरवतं.

स्टाफरूममध्ये बौद्ध धर्म शिकवणाऱ्या इंद्राणी मिस मनापासूनच म्हणाल्या, "उरलेली मुलं माझ्या वर्गात बसू देत ना, नाना. आम्ही काय खाणार आहोत का त्यांना?"

"खाणार नाही, मिस. पण काही विचारणारही नाही."

मिसना ते लागलं. दोन दिवस त्या मला विचारत होत्या, नाना असं का बोलले. मी काय सांगणार होतो? सगळ्या धर्मांची पुस्तकं एकाच छापखान्यातून येतात. एकच सिंह वर छापलेला, फक्त मुखपृष्ठाचा रंग वेगळा. गठ्ठे उतरवायला मीच जायचो. नानांचं हिरवं पुस्तक मी कधी उघडलं नाही, आणि नानांनी आमचं उघडलं असेल असं वाटत नाही. आमच्या मुलांना सगळ्यांना धर्मात उत्तम गुण पडायचे. खुर्चीवर खडूने लिहिणाऱ्यालाही पडले असतील.

नुस्राला पुढच्याच आठवड्यात आईने दुसरीकडे घातलं. त्या शाळेत धर्माच्या तासाला कुणी खुर्ची उचलत नाही, सगळी मुलं एकाच धर्माची. तिच्या आईला हायसं वाटलं असेल. मलाही तिच्यासाठी बरंच वाटलं, आणि असं वाटावं याचंच वाईट वाटतं.

जायच्या दिवशी नाना माझ्या खोलीत आले. छत्री कोपऱ्यात टेकवली. घडीचा स्टँड त्यांनी आणून भिंतीशी ठेवला.

"नेत नाही?"

"तिकडे भिंत आहे म्हणतात." ते बाकावर बसले, गुडघा चोळत. "बस कुरुणेगलला बदलावी लागते ना, बास?"

"हो. पुढची जागा धरा, पाय लांब करता येतो."

"बरं." स्टँडची बिजागरी त्यांनी एकदा उघडली, मिटली. "हिला तेल द्या अधूनमधून."

"देईन."

"खोबरेल नको. मुंग्या येतात."

"मशीनचं देईन, नाना."

"हां," म्हणाले, आणि छत्री घेतली.