सरांचे हरवलेले शेरे

लोक मला विचारतात, "दिवसभर टायपिंगच्या दुकानात बसून कंटाळा नाही का आला गं तुला?" अहो, कंटाळा यायला सवड तर मिळायला हवी! कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं दुकान. पीएच.डी.चे प्रबंध टाईप करून द्यायचे. माणूस आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं एका विषयात घालवतो आणि शेवटी वैतागून, घाबरून, उपाशीपोटी आमच्या बाकड्यावर येऊन बसतो. अशा जागी किस्से शोधावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात आणि कितीही झाडलोट केली तरी कोपऱ्यात उरतातच.

मी तिथली ऑपरेटर, विजया. मालक आमचे आण्णा. आणि निम्मं गिऱ्हाईक म्हणजे इनामदार सरांचे विद्यार्थी. सर मराठीचे गाइड, भारी विद्वान आणि तितकेच तिखट. त्यांच्या एकेका शेऱ्यापायी लोक अख्खं प्रकरण पुन्हा टाईप करायला आणायचे. म्हणजे खरं तर आमची चूल सरांच्या शेऱ्यांवर पेटायची!

*

पहिला किस्सा टाईपरायटरच्या काळातला. आण्णा तेव्हा स्वतः टाईप करायचे. त्यांचा एक नियम होता. "कागदावर जे हाय ते टाईपात आलं पायजे. डोकं चालवायचं काम आपलं न्हाय!"

मुरगूडच्या एका गुरुजींचं हस्तलिखित आलं. समासात सरांनी पेन्सिलीनं शेरे मारलेले. 'कशावरून?' 'हे मागच्या पानावर सांगून झालं नाही का?' 'असं खरंच वाटतं, की नुसतं लिहायचं म्हणून?' आण्णांनी नियमाप्रमाणं तेही टाईप केलं. परिच्छेद संपला की 'कशावरून?' आणि मग पुढचा परिच्छेद. गुरुजींनी तपासलं नाही, सरांनी आंधळा विश्वास ठेवून सही केली, आणि सोनेरी अक्षरांत बांधणी होऊन प्रबंध गेला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले ते खूशच होते. म्हणाले, "स्वतःलाच प्रश्न विचारत पुढं जायची तुमची पद्धत मला फार आवडली. इतकं प्रामाणिक लेखन हल्ली बघायला मिळत नाही!"

दुसऱ्या दिवशी सर दुकानात हजर. आण्णांनी मान खाली घालून शिव्या खायची तयारी ठेवली होती. सर नुसते बाकड्यावर टेकले आणि म्हणाले, "आण्णा, डिग्री त्याला, शाबासकी त्याला. आणि प्रश्न सगळे माझे!"

*

मग कॉम्प्युटर आले. सरांच्या मुलानं बंगळूरहून त्यांच्यासाठी एक पाठवून दिला. वर्डमध्ये पानाच्या कडेला चौकटीत शेरा लिहिता येतो हे कळल्यावर सर हरखलेच! समासात जागा पुरत नाही ही त्यांची जन्माची तक्रार होती.

त्याच सुमाराला प्रभाताई आल्या. नेसरीच्या शाळेत मराठी शिकवायच्या. शनिवारची सकाळची शाळा सुटली की एस.टी. धरून कोल्हापूर गाठायच्या. विषय होता सीमेवरच्या गावांत नात्याच्या माणसांना मारायच्या हाका. अक्का, अव्वा, तम्मा, निम्म्या मराठी आणि निम्म्या कानडी. काम चांगलं होतं, पण घर, शाळा आणि एस.टी. यात ते रखडलेलं. मुदत एकदा वाढवून झाली होती आणि दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. पुढच्या वर्षी मार्चअखेर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, सगळी वर्षं पाण्यात. गावात स्टँडवर उभ्या राहिल्या की कुणीतरी हटकून विचारायचं, "बाई, झालं न्हाय काय अजून?" त्या हसून म्हणायच्या, "होतंय की!" आणि गाडीत खिडकीकडं तोंड करून बसायच्या.

तर सरांची पहिली फ्लॉपी आली. आम्ही फाइल उघडली. वर्डमध्ये शेरा कुणी मारला त्याचं नाव दिसतं. प्रत्येक चौकटीवर नाव होतं सोनू!

सोनू : पुराव्याशिवाय बोलू नये.

सोनू : ही भाषा तुमची नाही. कुठून उचलली?

"विजू, हा सोनू कोण गं?" प्रभाताईंचा चेहरा पडला. "माझ्या वर्गातली पोरंसुद्धा असं बोलत नाहीत मला!"

सोनू म्हणजे सरांचा नातू. कॉम्प्युटर चालू करून देताना त्यानं स्वतःचं नाव घातलेलं. मी सरांना फोन केला. "बदलून देऊ का सर? एका मिनिटाचं काम आहे."

"राहू दे," सर म्हणाले. "नातवाच्या नावानं रागावलं की त्यांना जरा कमी लागेल."

*

एका शनिवारी प्रभाताई पेढ्यांचा पुडा घेऊनच दारात! "आण्णा, तोंड गोड करा. दुसरं प्रकरण शाळेतल्या कॉम्प्युटरवर उघडून बघितलं. सरांनी एका ओळीवरसुद्धा बोट ठेवलं नाही!"

आम्हाला नवलच वाटलं. सर आणि बोट ठेवणार नाहीत? पण आण्णांनी पेढा तोंडात टाकला, मीही टाकला. मग फ्लॉपी घातली. मजकूर स्वच्छ. मला काही राहवेना. वरच्या मेनूत जाऊन मार्कअप दाखवायची खूण केली, आणि उजवी बाजू वरपासून खालपर्यंत भरून आली! शेरे होतेच, फक्त लपवलेले होते, म्हणून शाळेत दिसले नव्हते. प्रभाताईंनी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

संध्याकाळी सर आले. आण्णांनी पुडा पुढं केला.

"पेढे कशाबद्दल?"

"तुमचे शेरे दिसले न्हाईत म्हणून!"

"आणि आता?"

"आता दिसले की. पण पेढं तर संपवायला पायजेत न्हवं?"

*

खंडेनवमीला आमच्याकडं कामाच्या वस्तूंची पूजा असते. आण्णा पूर्वी टाईपरायटर पुजायचे. आता कॉम्प्युटरला झेंडूची माळ, कीबोर्डला हळदकुंकू. टेबलावर प्रभाताईंची फ्लॉपी होती, तिसऱ्या प्रकरणावरचे सरांचे शेरे असलेली. आण्णा म्हणाले, "खरी विद्या तर ह्यात हाय!" बरोबरच होतं त्यांचं. पण आण्णांनी फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवलं आणि आतल्या काळ्या चकतीला कुंकू लावलं. "वरनं टोपणाला लावून काय उपेग? आत पोचलं पायजे!"

दसऱ्यानंतर मी ती ड्राइव्हमध्ये घातली. करर्र करर्र करून कॉम्प्युटरनं हात वर केले. इचलकरंजीचा मेकॅनिक बोलावला. त्यानं ड्राइव्ह उघडला आणि आमच्याकडं बघतच राहिला.

"मालक, ह्यात कुंकू हाय!"

"मग?" आण्णा म्हणाले. "अशुभ हाय काय?"

शेरे गेले ते गेलेच. नशीब म्हणजे सरांच्या कॉम्प्युटरवर दुसरी प्रत होती. नवी फ्लॉपी देताना सर आण्णांना हात जोडून म्हणाले, "हिची पूजा झालेली आहे असं समजा!"

*

आता हा शेवटचा.

मुदत जवळ आली होती. प्रभाताईंनी अख्खा प्रबंध सरांकडं दिला, शेवटची नजर टाकायला. सरांनी अख्खी दुपार घालून शेरे लिहिले, आणि संध्याकाळी मला फोन आला. "विजया, मी लिहिलेलं काहीच दिसत नाही."

मी टाकाळ्यावर त्यांच्या घरी गेले. शेऱ्यांचा मागमूस नव्हता. "सर, बंद करताना काही विचारलं का त्यानं?"

"विचारलं की. बदल सेव्ह करायचे का म्हणाला. मी नाही म्हटलं."

"नाही? का हो सर?"

"बदल मी कुठं केले? बदल प्रभाबाईंनी करायचे आहेत. मी फक्त शेरे लिहिले!"

मी शोध शोध शोधलं. मार्कअप बघितलं, तात्पुरत्या फाइली बघितल्या. काही नाही. दुसऱ्या दिवशी मी प्रभाताईंना सरांकडं घेऊन गेले आणि त्या ऐकून रडायलाच लागल्या. त्यात त्याच आठवड्यात सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं. त्यानंतर स्क्रीनकडं बघायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. मला त्या बाईकडं बघवेना.

सर म्हणाले, "वाचून दाखवा. ऐकायला डोळे लागत नाहीत."

ऑपरेशन झालं आणि प्रभाताईंनी शाळेत रजा टाकली. त्या वाचायच्या, सर डोळ्यावर हिरवं फडकं घेऊन ऐकायचे, आणि मी शेजारी बसून ते सांगतील तसे शेरे टाईप करायचे. सुरुवातीला सर नेहमीसारखेच. "कशावरून?" "गाळा." मग प्रभाताई वाचता वाचता आपोआप सांगायला लागल्या. एखादी हाक आली की त्यांची आजी ती कशी मारायची, सासूबाई कशी मारतात, असं हेल काढून.

"हे कुठं लिहिलंय?" सरांनी विचारलं.

"नाही लिहिलं. घरातलं आहे ते."

"मग तेच लिहा की बाई! पुस्तकातलं उसनं कशाला आणलंत?"

पुढं शेरे कमी होत गेले. शेवटच्या पानाला सर म्हणाले, "द्या बांधायला." प्रबंध मुदतीत गेला. प्रभाताई डॉक्टर झाल्या आणि पुढं कॉलेजात लागल्या. आता आण्णा त्यांना 'डॉक्टरीणबाई' म्हणतात आणि गुडघेदुखीवर औषध विचारतात.

ऑपरेशननंतर सरांनी त्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. वर्षभरानं ते मुलाकडं बंगळूरला राहायला गेले आणि कॉम्प्युटर आमच्याकडं आला. त्यात नातवाचे लहानपणीचे फोटो होते, चुकून पुसले गेलेले. ते तेवढे काढून द्यायचे होते. मेकॅनिक म्हणाला, पुसलेलं लगेच मरत नाही, वर दुसरं काही लिहिलं गेलं नाही तर सापडतं. फोटो सापडले. त्यांच्याबरोबर विचित्र नावाची वर्डची एक फाइल निघाली. वर्ड काम चालू असताना स्वतःच एक प्रत ठेवतो आणि बंद करताना फेकून देतो, ती फेकलेली.

प्रभाताई त्या दिवशी प्रश्नपत्रिका टाईप करून घ्यायला आल्या होत्या. मी हाक मारली. "ताई, सरांचे ते शेरे!"

आम्ही दोघी खुर्च्या जवळ ओढून वाचायला लागलो. 'कशावरून?' 'गाळा.' 'पुरावा?' प्रभाताई हसत होत्या. मग शेवटचं पान आलं. शेवटच्या ओळीसमोर एक मोठी चौकट होती.

'प्रभाबाई, एवढ्या दिवसांत हे काम होणार नाही. माझं ऐकाल तर नोंदणी सोडून द्या. तुमची ओढाताण मला आता बघवत नाही.'

प्रभाताईंनी ती चौकट पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी पर्समधून मोबाइल काढला, सरांना लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"सर, त्या दुपारचे शेरे सापडले."

"सापडले?" पलीकडून सरांचा आवाज एकदम बारीक झाला. "सगळे? शेवटचासुद्धा?"

प्रभाताईंनी स्क्रीनकडं बघितलं.

"नाही सर," त्या म्हणाल्या. "शेवटचा तेवढा गेला."

सर म्हणाले, "जाऊ दे. तो काही एवढा महत्त्वाचा नव्हता."