मॅकगिलच्या दुकानातल्या केसकरबाई

नीलांबरी केसकरांनी पुस्तकाचं सत्तेचाळिसावं पान उघडलं, वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि काउंटरमागे उभ्या उभ्या मोठ्यांदा एक अस्सल शिवी हासडली. दुकानात त्या वेळी दोन गिऱ्हाइकं होती. मराठी दोघांनाही कळत नव्हतं, पण दोघंही हातातला पाव खाली ठेवून दाराकडे सरकली.

बाई उगाच चिडणाऱ्यांतल्या नव्हेत. सतरा वर्षं त्या काउंटरवर हसून उभ्या राहिल्या होत्या. त्या दिवशी काय बिनसलं ते कळायचं तर आधी गाव सांगायला हवं.

न्यूझीलंडात वेलिंग्टनहून निघून अप्पर हट गाव मागे टाकलं आणि डोंगर ओलांडून खाली उतरलं, की अर्ध्या-पाऊण तासात हार्लो ब्रिज लागतं. एक रस्ता, एक शाळा, एक पब, एक चर्च आणि जिकडेतिकडे मेंढ्या. कोपऱ्यावर दूध, पाव, पेपर, आइस्क्रीम विकणारं दुकान. अशा दुकानाला तिकडे डेअरी म्हणतात. २००२ साली केसकरांनी ते म्हाताऱ्या मॅकगिलकडून विकत घेतलं. गुरुनाथ केसकर मूळचे पिंपरीच्या कारखान्यातले इंजिनियर. इथे आल्यावर त्यांच्या पदवीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, तेव्हा वर्षभर उंबरे झिजवून ते सरळ दुकानदार झाले.

त्या गावाची एक खोड आहे. जागेला जे नाव एकदा चिकटलं ते चिकटलं. माणूस मरून पन्नास वर्षं झाली, घर तीनदा विकलं गेलं, तरी घर त्याचंच. केसकरांचं दुकानही मॅकगिलचंच राहिलं. पाटी बदलायची म्हटल्यावर चार म्हातारी माणसं येऊन गयावया करून गेली, की १९३१ पासूनची पाटी आहे, राहू द्या. गुरुनाथ पडले भिडस्त. "राहू दे गं," ते बायकोला म्हणाले, "पाटी बदलून दूध काय जास्त खपणार आहे?" पाटी राहिली. कुरिअरवाला तर नीलांबरीबाईंना चक्क मिसेस मॅकगिल म्हणायचा आणि त्या सही करून मोकळ्या व्हायच्या.

दुकानाच्या काचेवर गावातले लोक चिठ्ठ्या लावायचे. कुत्रं हरवलं, कुणाचा अंत्यविधी आहे, हॉलमध्ये नाच आहे, शाळेची बस बंद होणार म्हणून सभा आहे. दर रविवारी बाई जुन्या चिठ्ठ्या काढायच्या आणि गुरुनाथ प्रत्येकीच्या पाठीवर निळ्या पेनानं तारीख घालून बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे. इंजिनियरची सवय, दुसरं काय! २०१३च्या हिवाळ्यात एका सकाळी दुधाचे क्रेट आत घेता घेता ते दारातच कोसळले. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती इतकं गाव जमलं. ग्रॅहम नावाचा गावातला पुढारी रडत रडत बोलला, "ही वॉज वन ऑफ अस." बाईंनी ते वाक्य जपून ठेवलं होतं. पुढे तारखा घालायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

२०१९ला गावाला सव्वाशे वर्षं झाली. पुस्तक काढायचं ठरलं. कमिटीचा अध्यक्ष अर्थातच ग्रॅहम. जुना काळ चर्चच्या वह्यांत सापडला, पण अलीकडच्या वीस वर्षांचं कुणाकडे चिटोरं नव्हतं. तालुक्याचा पेपर कधीच बंद पडला होता. तेव्हा ग्रॅहम टोपी काढून दुकानात आला. बाईंनी चिठ्ठ्यांचे अकराच्या अकरा डबे त्याच्या गाडीत नेऊन ठेवले. वर डब्यात चकल्याही दिल्या. एकच अपेक्षा होती, तीही त्यांनी तोंडानं सांगितली नाही. सांगायची गरजच काय, असं त्यांना वाटलं.

आणि आता मंगळवारी पुस्तकाच्या चारशे प्रती त्यांच्याच दुकानात येऊन पडल्या होत्या, कारण शनिवारच्या समारंभासाठी विक्री तिथूनच व्हायची होती. पान सत्तेचाळीस: मॅकगिल्स डेअरी, स्थापना १९३१. मॅकगिलच्या तीन पिढ्या, मॅकगिलचा घोडा, घोड्याचंसुद्धा नाव. शेवटी एक ओळ: "सध्या हे दुकान एक भारतीय कुटुंब चालवतं." आभाराच्या पानावर कागदपत्रांसाठी 'मॅकगिल्स डेअरी'चे आभार. गुरुनाथ केसकर हे नाव दीडशे पानांत कुठेही नव्हतं. घोड्याला नाव होतं!

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी वेलिंग्टनला मुलीला फोन लावला. सिद्धी कुठल्याशा सरकारी खात्यात सॉफ्टवेअर बघते.

"आई, लेट इट गो. इट्स जस्ट अ बुक," सिद्धी म्हणाली. "दे डिडन्ट मीन इट."

"मीन नाही केलं म्हणूनच जास्त झोंबतंय," बाई म्हणाल्या. "मुद्दाम गाळलं असतं तर निदान आठवण तरी होती म्हणता आलं असतं. तुझा बाप तिथे, त्या दारात गेला, सिद्धी." फोन त्यांनी ठेवला नाही, आपटला.

मग त्यांनी गुरुनाथांच्या खणातलं निळं पेन काढलं आणि पहिलं खोकं फोडलं. पान सत्तेचाळीस, त्या ओळीखाली, इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात: 'या कुटुंबाचं नाव केसकर. गुरुनाथ केसकर, २००२ ते २०१३. या पुस्तकातल्या बऱ्याच तारखा त्यांच्या हातच्या आहेत.' एक प्रत झाली. दुसरी घेतली. लपूनछपून नाही, भर काउंटरवर, गिऱ्हाइकांच्या देखत.

बुधवारी दुपारी ग्रॅहम धावत आला. "नीला, हे काय करतेस? पुस्तकं कमिटीची आहेत! नो हार्म मेंट. सगळे मॅकगिल्सच म्हणतात ना, आणि पाटीही तीच आहे."

पाटीचं नाव निघालं तशी बाई आणखी भडकल्या, कारण तेवढं मात्र खरं होतं.

"डबे माझे, ग्रॅहम. तारखा माझ्या नवऱ्याच्या. डबे न्यायला तुला दुकान बरोबर सापडलं, मग नाव विचारायला काय झालं होतं? तू रडला होतास हॉलमध्ये. कोणासाठी रडलास, मॅकगिलसाठी?"

ग्रॅहमचा चेहरा लालबुंद झाला. तो काहीतरी पुटपुटला आणि पेपर न घेताच गेला. बाईंनी पुढची प्रत ओढली. त्यांना फार बरं वाटत होतं.

गुरुवारी शाळेची बस चालवणारी आरोहा आली. "किया ओरा, नीला," असा माओरीतला नमस्कार करून तिनं एक प्रत उचलली, बाईंचं अक्षर वाचलं आणि म्हणाली, "बरं केलंस." मग पानं उलटत एकोणिसाव्या पानावर थांबली. तिनं पुस्तक काउंटरवर फिरवून ठेवलं.

"आणि हा?"

कोबीच्या वाफ्यांत टोपी घातलेला एक माणूस उभा होता. खाली छापलं होतं: 'चिनी माळी, अंदाजे १९२५.'

"हा चायनीज पॅडॉकवाला," बाई चटकन बोलून गेल्या. दुकानामागचं ते रान. रोज संध्याकाळी दोघं नवराबायको तिथे फिरायला जायची. 'चायनीज पॅडॉकपाशी काळं कुत्रं सापडलं' असं बाईंनी स्वतःच्या हातानं लिहून काचेवर लावलं होतं. त्या रानाला असं नाव का, हे सतरा वर्षांत त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"नाव काय होतं त्याचं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या नॅनला ठाऊक होतं. लहानपणी ती त्याच्याकडे कांदे उपटायला जायची. अंकल म्हणायची त्याला." आरोहानं खांदे उडवले. "नॅनला कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

आरोहाची आजी २०१५ साली गेली. त्याआधी तेरा वर्षं, दर गुरुवारी, ती म्हातारी याच काउंटरसमोर उभी राहून पाव घ्यायची, आणि नीलांबरीबाई तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या.

आरोहा निघून गेली. दोन दिवस गावाच्या नावानं पेटलेला राग आता घरचाच रस्ता विचारत आला होता, आणि त्याच्यापुढे बाईही ग्रॅहमसारख्याच पुटपुटल्या. नो हार्म मेंट. सगळे तसंच म्हणतात ना.

एकशे साठ प्रती लिहून झाल्या होत्या. बाईंनी पहिलं खोकं पुन्हा ओढलं, पहिली प्रत काढली, एकोणिसावं पान उघडलं आणि फोटोखाली लिहिलं: 'या माणसाला नाव होतं. ते त्यांनी विचारलं नाही.' पेन थबकलं. बाईंनी 'त्यांनी' खोडलं, वर 'आम्ही' लिहिलं आणि दुसरी प्रत घेतली.